घर कुणाला विचारून बांधलं?

गेल्या वर्षी आमच्या व्यवसायातल्या एका संस्थेचं मला पत्र आलं. चाळीसहून जास्त वर्षं काम केलेल्या आर्किटेक्टांवर ते पुस्तक काढताहेत. त्यासाठी माझी ‘निवडक दहा कामं’ हवी होती. प्रत्येकाचे तीन फोटो, एक नकाशा आणि शंभर शब्दांचा मजकूर. खाली एक सूचना होती : फोटोत शक्यतो माणसं, वाहनं आणि वाळत घातलेले कपडे नसावेत.

वाचून आधी हसू आलं, मग राग आला. वास्तुशांत झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी कुठल्याही घरात पहिलं काय दिसतं, तर दोरीवरचे कपडे. ते नसलेलं घर फक्त दोनच वेळा असतं, ताबा देण्यापूर्वी किंवा घर सोडल्यानंतर. पण राग संस्थेपेक्षा स्वतःचाच जास्त आला. कपडे कोण धुतं आणि कोण वाळत घालतं हे ठाऊक असूनही, दोरी कुठे बांधायची याचा विचार न करता मी कित्येक बाल्कन्या काढल्या आहेत.

यादी करायला बसले तर कामांची सगळी सरमिसळ. बंगले, दोन शाळा, नोकरी करणाऱ्या बायकांचं एक वसतिगृह, भूकंपानंतरची घरं, एस.टी. स्थानकाजवळचं स्वच्छतागृह, एका पडक्या वाड्याची दुरुस्ती, नाटकांचं नेपथ्य, प्रदर्शनं. ‘एवढं वेगवेगळं काम कसं काय केलंत?’ असं नव्या मुली कौतुकानं विचारतात. खरं सांगायचं तर पहिली दहा वर्षं मोठी कामं मिळतच नव्हती. जे येईल ते घेत गेले.

मी कॉलेजात गेले ते १९७७ साली. वर्गात आम्ही पाच मुली. ‘मुलींनी आतली सजावट करावी, साइट त्यांना झेपत नाही’ असं एक सर उघड सांगत. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पेरिन मिस्त्री या बाईंनी १९३६ साली, म्हणजे आमच्या चार दशकं आधी, वास्तुकलेची पदविका घेतली होती आणि पुढे इमारती उभ्या केल्या होत्या, हे आम्हाला पाच वर्षांत कुणी सांगितलं नाही. बाहेरच्या जगातही फार वेगळं नव्हतं. या व्यवसायातला सगळ्यात मोठा समजला जाणारा प्रिट्झकर पुरस्कार १९९१ साली रॉबर्ट व्हेंचुरी यांना मिळाला. त्यांच्या बरोबरीनं काम करणाऱ्या त्यांच्या पत्नी डेनिस स्कॉट ब्राउन यांना वगळून.

माझ्या पहिल्या साइटवर गवंडी मला रोज विचारायचा, “ताई, साहेब कधी येणार?” मीच साहेब आहे हे त्याला पटायला स्लॅब पडावा लागला. ही गोष्ट मी अनेक शिबिरांत सांगितली आहे, बायका खूप हसतात. पण तिचा दुसरा भाग मी कधी सांगितला नव्हता. मला तेव्हा वाटायचं की त्या बांधकामावर मी एकटीच बाई आहे. तसं मी घरी आईला सांगितलंही होतं. आणि स्लॅबच्या दिवशी पंधरा-वीस बायका डोक्यावर घमेलं घेऊन त्याच परातींवरून, त्याच डुगडुगत्या फळ्यांवरून वरखाली करत होत्या! त्यांची पोरं सेंट्रिंगच्या बल्ल्यांना बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत झोपली होती. मी त्यांना पाहत होते, पण मोजत नव्हते.

मोजायला लागल्यावर मग बाकीचं दिसलं. समान कामाला समान मजुरी द्यायचा कायदा १९७६ साली झाला होता. पण बाईचं काम गड्याच्या कामासारखं आहे असं म्हणायचंच नाही, म्हणजे झालं! ती बिगारी, तो गवंडी. बिगारी गडी दोन-चार वर्षांत थापी हातात घेतो, पुढे मिस्त्री होतो. बाई वीस वर्षांनी, पाठ मोडल्यावरही, बिगारीच. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पन्नासहून जास्त बायका असतील तिथं मुलांसाठी खोली हवी अशी तरतूद आली. माझ्या साइटवर पन्नास बायका कधीच नसायच्या. असल्या तर त्या तीन ठेकेदारांच्या हजेरीपटांवर वाटलेल्या असायच्या.

एका शाळेच्या कामावर मी हट्टानं दोघींना गिलाव्याचं काम शिकवायला लावलं. एकीचा हात इतका छान बसला की तिनं केलेली भिंत मी पाहुण्यांना दाखवायची. महिनाअखेर मुकादमानं दोघींना बिगारीचाच दर दिला. “अजून शिकतायत ना, बाई!” मी भांडले, त्या एका कामापुरता दर वाढवून घेतला. पुढच्या ठेकेदारानं तिला पुन्हा घमेलं दिलं. झारखंडमध्ये शौचालयं बांधण्याच्या मोहिमेत ‘राणी मिस्त्री’ तयार झाल्या, हे अलीकडच्या वर्षांत वाचलं तेव्हा तिची आठवण झाली. एकट्या आर्किटेक्टच्या हट्टानं हे होत नाही. त्याला गट लागतो.

ओट्याचं सांगते. आमच्या परदेशी पुस्तकात ओट्याची उंची छत्तीस इंच होती, मीही तेवढीच काढायची. आपल्याकडची बाई साधारण पाच फुटांची. माझ्या स्वतःच्या आईच्या नव्या घरात मी असा ओटा केला आणि वर्षभरात तिचे खांदे भरून यायला लागले. पोळ्या लाटताना ती पाटावर उभी राहायची, ते मला दिसलं दिवाळीला गेले तेव्हा! त्यानंतर मी घरातल्या बाईला उभं करून कोपरापर्यंतचं माप घ्यायला लागले आणि ओटा त्याच्या तीन-चार इंच खाली धरायला लागले. ‘बाईला विचारून घर बांधणारी आर्किटेक्ट’ असं माझ्याबद्दल बोललं जायला लागलं. मलाही ते आवडायचं.

आणि आता तो बंगला. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातलं काम. शहराबाहेर मोठा प्लॉट, हात सैल असलेला मालक, दगडी भिंती, उतरतं छप्पर. एका मासिकात त्याचे फोटो छापून आले आणि माझं नाव झालं ते त्या घरानं. त्या घरातल्या बाईंचं मी कोपराचं माप घेतलं होतं. त्यांनी आणखी दोन गोष्टी मागितल्या होत्या. स्वयंपाकघरातून परसात उघडणारं एक दार आणि स्वतःचं, कुलूप लागेल असं एक लहानसं कपाट. दारामुळे मागच्या भिंतीची सलग रेषा तुटत होती, म्हणून मी ते काढून टाकलं. आणि कपाटाचं निघालं तेव्हा नवरा म्हणाला, “घरात कुलूप कशाला? आपलंच तर घर आहे!” तो हसला. मीही हसले. मी हसले हे त्या बाईंनी पाहिलं.

२००७ साली त्या माझ्या ऑफिसात आल्या, हातात एक पिशवी. मारहाण लग्नानंतर दोन वर्षांतच सुरू झाली होती. आदल्या आठवड्यात त्यांना रात्री घराबाहेर काढलं होतं. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा ऑक्टोबर २००६ मध्ये लागू झाला होता आणि आपण सगळ्याजणी त्याबद्दल उत्साहात होतो. मालकी असो वा नसो, सामाईक घरात राहण्याचा बाईला हक्क, हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पण डिसेंबर २००६ मध्ये बत्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घर हे त्या अर्थानं ‘सामाईक घर’ नाही. आणि हा बंगला सासऱ्यांच्या नावावर होता.

वकिलाच्या समोर बसून हे ऐकलं तेव्हा मला काय आठवलं सांगू? त्या घराच्या मंजुरीचे कागद. मालकाचं नाव त्यावर होतं, त्याखाली आर्किटेक्ट म्हणून माझी सही. ते नाव मी वाचलं होतं. वाचून पुढे गेले होते. भिंत किती जाड आहे, पावसाचं पाणी कुठून जातं, सकाळी नऊला ऊन कुठल्या खिडकीतून येतं, हे सगळं मला पाठ होतं. बाईंना त्या घरात किती जागा आहे, हे मात्र मी कोपरापासून ओट्यापर्यंतच मोजलं होतं.

शेवटी थोडी रक्कम घेऊन तडजोड झाली. त्या भाड्याच्या एका खोलीत राहायला गेल्या. बत्रा निकालातला तो अर्थ सर्वोच्च न्यायालयानं आहुजा प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये चुकीचा ठरवला. सासऱ्यांच्या नावावरचं घरही सामाईक घर असू शकतं, असं सांगितलं. त्या दिवशी बाईंचा फोन आला. “आमच्या वेळेला नव्हतं हे,” एवढंच म्हणाल्या.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे की शहाणपण यायला याच्या आधीच संधी मिळाली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जवळजवळ ८,००० माणसं गेली. जमिनीच्या हादऱ्याइतकंच घरांनी मारलं होतं. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, बाहेरचा आणि आतला थर एकमेकांना न बांधलेला, आणि वर मातीच्या माळवदाचं ओझं. मी तिथं गेले ते तज्ज्ञ म्हणून, पाठीवर नकाशांची नळकांडी घेऊन.

पूर्ण पडलेली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घराचा आकार जमिनीवर ठरला. भूमिहीनांना आणि अगदी थोडी जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. जमीन कुणाच्या नावावर असते ते तुम्हाला मी सांगायला नको. नवी गावं रेघा मारल्यासारखी सरळ, रुंद रस्त्यांची. पुरुष खूश होते, ट्रॅक्टर वळतो म्हणून. एका गावात एक आजी मला हाताला धरून नव्या घराच्या दारात घेऊन गेली. “हितं बस बरं, बाई.” बसले. “आता सांग, सून न्हाणार कुटं? दार उघडलं की समदा रस्ता आत येतोय.” जुन्या गल्लीत बोळ होते, आडोसा होता, दारातल्या ओट्यावर चार जणी बसून निवडटिपण करायच्या. आम्ही आखलेल्या रस्त्यावर बाईला बसायला जागाच नव्हती.

जी घरं उभी होती ती बळकट करण्याची योजना मात्र वेगळी निघाली. त्यात गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या आणि ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं महिला मंडळांना त्या कामात ओढलं. भिंतीच्या दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड किती अंतरावर हवा, काँक्रीटचा पट्टा कुठून न्यायचा, सिमेंटची किती पोती मिळणार, हे बायकांना कळायला लागलं. कालपर्यंत गवंड्यासमोर पदर पुढे ओढणारी बाई त्याला थांबवून म्हणायची, “मधी आरपार दगड टाकलास का? दाव.” माझ्या पाच वर्षांच्या पदवीतलं जे खरं कामाचं होतं, ते त्या तीन आठवड्यांत शिकल्या. अडाणी बायकांना नकाशा कळत नाही, असं आजही आमच्या बैठकांतून ऐकू येतं, तेव्हा मला त्या आठवतात. मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या ‘महिला मिलन’च्या बायकांनी तर १९८६-८७ च्या सुमारासच स्वतःच्या घराचा आराखडा स्वतः ठरवला होता. लांबी-रुंदी वाढत नाही ना, मग उंची चौदा फूट घ्या आणि आत माळा करा! आमच्यातल्या कुणाला ते आधी सुचलं नव्हतं.

मग एवढं पाहून आलेल्या मला त्या बंगल्यात काय झालं? मी खूप विचार केला आहे. गरीब बाईला विचारायचं असतं, हे मी शिकले होते. श्रीमंत घरातल्या बाईला घर आहेच, असं मी धरून चालले होते.

नाटकांचं आणि प्रदर्शनांचं काम हे आमच्या व्यवसायात छंदात जमा. एका गटाच्या पथनाट्यासाठी मी फक्त एक चौकट आणि उंबरा केला होता, दोघीजणी सहज उचलून नेतील असा. पैसे नव्हतेच. पुढे एका प्रदर्शनासाठी साठेक बायकांना कागद-खडू देऊन सांगितलं, तुमच्या घराचा नकाशा काढा आणि ‘माझी जागा’ तेवढी रंगवा. बहुतेकींनी ओटा रंगवला. काहींनी खिडकी, एकीनं शिलाई मशीन. एकीनं संडास रंगवला. बाकीच्या हसल्या तेव्हा शांतपणे म्हणाली, “तिथंच काय ती मला आतून कडी लावता येते.” तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. निवडक दहा कामांत तो बसत नाही.

संडासावरून स्वच्छतागृहाचं. २०११ साली मुंबईत ‘राइट टू पी’ मोहीम सुरू झाली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, हा साधा अन्याय तिनं चव्हाट्यावर आणला. त्यानंतर एका लहान शहरात एस.टी. स्थानकाजवळच्या स्वच्छतागृहाचं काम माझ्याकडे आलं. या वेळी मी नकाशा काढण्याआधी आठ दिवस तिथं जाऊन बसले. भाजीवाल्या, नर्सिंगच्या मुली, तालुक्याला बाजाराला आलेल्या बायका. त्यांनी काय मागितलं? आत दिवा. खालून फट नसलेलं दार. पाळीचं कापड टाकायला झाकणाचा डबा. दारात बाई बसलेली असावी, बाप्या नको. आणि पिशवी अडकवायला खुंटी. सगळ्यांनी खुंटी मागितली. ओल्या जमिनीवर पिशवी ठेवता येत नाही, आणि बाहेर ठेवली तर चोरीला जाते. ठेकेदारानं खुंट्या ‘जादा काम’ म्हणून वगळल्या. बारा खुंट्या! मी बाजारातून आणून स्वतः उभं राहून ठोकून घेतल्या. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम कुठलं, असं विचारलं तर मी त्या खुंट्या दाखवीन. फोटोत त्या दिसणार नाहीत.

अलीकडे काम घेण्यापूर्वी पहिल्या बैठकीतच मी जागेचे कागद मागते आणि विचारते, घर कुणाच्या नावावर होणार? बाईंचं नाव आहे का? ते कागद त्यांनी स्वतः वाचलेत का? त्यांची प्रत त्यांच्याजवळ आहे का? या प्रश्नांपायी तीन कामं हातची गेली. २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावानं घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळायला लागली, तेव्हा काही पुरुष हसत सांगायचे, “मॅडम, तुमचं म्हणणं ऐकलं बघा!” सवलतीपुरतं तर सवलतीपुरतं, नाव लागलं ना? कागद हा कागद असतो. फक्त तो कुणाच्या कपाटात आहे, तेही पाहायला हवं.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या तरुण मुलींना हे पटत नाही. “हे वकिलाचं काम आहे, आपण नकाशा काढावा,” असं त्या म्हणतात, आणि एकदा एका घरातल्या बाईंनीच मला बाजूला घेऊन विनवलं, “माझं नाव काढू नका हो, आज रात्री मलाच ऐकून घ्यावं लागेल.” मी गप्प बसले. ते बरोबर होतं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण नकाशा काढणं आणि हक्क मागणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मात्र मी आता मान्य करणार नाही. नकाशातल्या प्रत्येक दाराला कडी आतून लावायची की बाहेरून, हे कुणीतरी ठरवत असतंच.

आपल्या चळवळीबद्दलही माझी एक तक्रार आहे. घरातल्या हिंसेबद्दल आपण इतकं बोललो, लिहिलं, पण घराबद्दल फार कमी बोललो. सल्ला केंद्रावर आलेल्या बाईला आपण मार कधी पडला ते विचारतो. मार पडतो तेव्हा ती कुठे उभी असते, तिथून बाहेर पडायला दार आहे का, शेजारी आवाज जातो का, घराचा कागद कुठे आहे, हे विचारतो का? एकदा तिला घराचा नकाशा काढायला सांगून पाहा. जे तोंडातून येत नाही ते कागदावर येतं, हा माझा अनुभव आहे.

तर ती यादी. बंगला त्यात घालायचा की नाही, याचा निर्णय होत नव्हता. शेवटी गेल्या महिन्यात त्या बाईंना फोन केला आणि सरळ विचारलं. थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “घाला की. घर चांगलंच होतं. पण मागचं दार मी मागितलं होतं आणि तुम्ही दिलं नाहीत, हेही लिहा.”

लिहायला बसले आहे. शंभर शब्दांची अट आहे.